दोन्ही बटणं दाबणाऱ्या ताईंना

पत्र असं आहे:

"काका, आम्ही नागपुरात मनीषनगरात राहतो. खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट आणि लिफ्ट एकच. मी सहाव्यावर. सकाळी साडेसात ते नऊ ही लिफ्ट म्हणजे डोक्याला ताप. मुलाची स्कूलव्हॅन खाली हॉर्न वाजवत असते आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकलेली. तिथल्या काकू काठी टेकत हळूहळू येतात, विसरलेली पिशवी आणायला परत जातात, तोवर कामवाली दार धरून उभी. लिफ्ट लवकर यावी म्हणून मी दोन्ही बटणं दाबते, चार-चारदा दाबते, तरी कधी ती वरच निघून जाते, कधी न थांबताच खाली जाते. शेवटी ग्रुपवर लिहिलं की दुसऱ्या मजल्यापर्यंतच्यांनी जिना वापरला तर तब्येतही चांगली राहील. सोळा जणांनी अंगठे दिले. सेक्रेटरींनी मेकॅनिकला सांगून दार लवकर मिटेल असं करून घेतलं. आठ दिवसांत काकूंच्या काठीवर दार मिटलं, त्या भेलकांडल्या, खांद्याला मार बसला. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही आल्या नाहीत. इकडे कमिटी दीडपट वेगाची नवीन लिफ्ट घ्यायला निघाली आहे, फ्लॅटमागे चाळीस हजार. मुंबईला बहिणीच्या ऑफिसात आत बटणंच नसलेली लिफ्ट पाहिली, तशी घ्यावी का? दार बंद करायचं बटण खरंच चालतं का? आणि माझं चुकलं का? – सहाव्या मजल्यावरची"

ताई,

सगळ्यात शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देतो. हो, चुकलं. पण ग्रुपवर लिहिणं ही लहान चूक. मोठी चूक दाराची वेळ कमी करण्याची, ती सेक्रेटरींनी तुमच्या सोळा अंगठ्यांच्या जोरावर केली. तेव्हा पहिलं काम हे की आजच मेकॅनिकला बोलवून दाराची वेळ होती तशी करून घ्या. पुढचं उद्या वाचलं तरी चालेल.

एवढी घाई मी करतोय त्याला कारण आहे. एकतीस वर्षं मी याच शहरात लिफ्टची देखभाल केली. अगदी सुरुवातीला एका दवाखान्यातल्या साहेबांनी मला असंच सांगितलं होतं, दार फार वेळ उघडं राहतं, कमी कर. मी केलं. पोरवय, साहेब म्हणतात म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं! तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आलेल्या एका बाईंच्या हातावर दार आलं. फार लागलं नाही, पण वरण सगळं लँडिंगवर सांडलं आणि त्या तिथेच खाली बसून रडायला लागल्या. त्या वरणासाठी रडत नव्हत्या, एवढं मला तेव्हाही कळलं. त्यानंतर दाराच्या वेळेबाबत मी कुठल्याच साहेबाचं ऐकलं नाही.

दिव्यांगांच्या सोयीसाठी आपल्याकडे ज्या सूचना आहेत त्यांत लिफ्टमध्ये शिरायला किमान ५ सेकंद मिळावेत असं म्हटलं आहे, आणि दार मिटण्याचा वेग सेकंदाला पाव मीटरपेक्षा जास्त नसावा असंही. पाच सेकंद म्हणजे काही फार नाही, काकूंना तेही कमीच पडत असतील. पण दुसरी गोष्ट महत्त्वाची. काठीवर दार मिटलं याचा अर्थ तुमच्या लिफ्टला बहुधा जुनं, एक-दोन डोळ्यांचं सेन्सर आहे. दाराच्या एका कडेकडून दुसरीकडे एक किंवा दोन न दिसणारे किरण जातात, साधारण गुडघ्याच्या नि कमरेच्या उंचीवर. माणूस आडवा आला की दार मागे फिरतं. पण काठी टेकणारा माणूस आधी काठी पुढे टाकतो, पाय नंतर. त्या क्षणी दाराच्या रेषेत असतं फक्त काठीचं खालचं टोक, किरणाच्याही खाली. सेन्सरच्या लेखी तिथे कुणीच नाही. हल्ली दाराच्या पूर्ण उंचीत किरणांचा पडदाच मिळतो, मेकॅनिक त्याला लाइट कर्टन म्हणतात. तो जुन्या दाराला बसतो आणि नव्या लिफ्टच्या खर्चापुढे त्याची किंमत चिल्लर आहे.

आता तुमची "हळू" लिफ्ट. कागद-पेन घ्या.

मजल्याची उंची साधारण ३ मीटर धरा. सहाव्यापासून पार्किंगपर्यंत १८ मीटर. तुमच्यासारख्या इमारतीतली लिफ्ट बहुतेक वेळा सेकंदाला १ मीटर जाते. न थांबता १८ सेकंद, वेग घ्यायला नि सोडायला दोन-तीन वाढवा, झाले २१. आता मध्ये एक मजला आला की वेग कमी करणं, दार उघडणं, उघडं राहणं, मिटणं, पुन्हा वेग घेणं, या सगळ्यात १० ते १२ सेकंद जातात. चार मजल्यांवर थांबली की पाऊण मिनिट गेलं. म्हणजे लिफ्ट चालते थोडा वेळ आणि उभी राहते त्याच्या दुप्पट. दीडपट वेगाची नवी आणली तर १८ चे होतील १२. वाचले ६ सेकंद, तेही मध्ये कुठे थांबली नाही तर! मजल्या-मजल्याला थांबत गेली तर पूर्ण वेगाला पोचते न पोचते तोच ब्रेक लावायची वेळ येते. चाळीस हजारांत सहा सेकंद. एवढ्यात संत्रा बर्फी किती येईल ते तुम्हीच बघा.

या निमित्ताने एक गंमत सांगतो. माणसांसाठीची पहिली सुरक्षित लिफ्ट न्यूयॉर्कच्या एका पाच मजली दुकानात १८५७ साली लागली. तिचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ मीटर, तुमच्या लिफ्टच्या वेगाचा पाचवा हिस्सा. त्याआधी १८५४ च्या सुमारास इलायशा ओटिस नावाच्या माणसाने प्रदर्शनात स्वतः उंच पाळण्यावर उभं राहून वरचा दोर तोडायला लावला होता, पाळणा पडत नाही हे लोकांना दिसावं म्हणून. तेव्हा लोकांना लिफ्टची भीती घालवावी लागायची. आता भीती राहिली नाही, तिच्या जागी घाई येऊन बसली.

बटणांवर येतो. दोन्ही बटणं दाबणाऱ्या तुम्ही एकट्या नाही हो. अर्धं नागपूर दाबतं. कुणाला वाटतं दोन दाबली की जोर दुप्पट. काही जणांचं गणित वेगळंच: लिफ्ट खाली आहे, तिला वर बोलवायचं आहे, म्हणून वरचा बाण. लिफ्टला कुठे यायचंय याच्याशी त्या बाणाचा काही संबंध नाही. तुम्हाला कुठे जायचंय एवढंच त्याने विचारलंय. वर्धा रोडवर उभं राहून बर्डीला जायचं असेल तर उलट्या दिशेने बुटीबोरीकडे निघालेल्या बसलाही हात दाखवता का? दाखवला तर ती थांबणारच, आतले लोक तुमच्याकडे बघणार, आणि तुम्ही म्हणणार, नाही नाही, जाऊ द्या.

तुमच्या लिफ्टचं डोकं घरोघरी फिरणाऱ्या दूधवाल्यासारखं आहे. एका दिशेला निघाली की त्या दिशेच्या सगळ्या घंट्या संपेपर्यंत तिकडेच जाते, मग वळते आणि परतीच्या वाटेवरची माणसं घेते. संगणकाच्या फिरत्या डिस्कवरची माहिती वाचताना हीच पद्धत वापरली गेली आणि तिला नावही लिफ्टचंच पडलं, एलेव्हेटर अल्गोरिदम. आता बघा, सातव्यावरच्या कुणीतरी खालून यायला लिफ्ट घेतली आहे आणि तुम्ही सहाव्यावर दोन्ही बाण पेटवून उभ्या आहात. लिफ्ट वर जाताना तुमच्यासाठी थांबते, कारण वर जायचंय असं तुम्हीच सांगितलंय. दार उघडतं, कुणी शिरत नाही, आतला माणूस तुमच्याकडे बघतो, दार मिटतं. गेले बारा सेकंद. मग ती सातव्यावर जाऊन परत तुमच्याकडे येणार. ते बारा सेकंद व्हॅनवाल्याच्या हॉर्नमध्ये धरलेलेच आहेत, पण बिल फाडलं काकूंच्या नावावर.

चार-चारदा दाबण्याचा उपयोग शून्य. बटणातला दिवा लागला की नोंद झाली, पुढचं तीनदा दाबलेलं लिफ्ट मोजत नाही. लिफ्टच्या आत तर काही ठिकाणी उलटंच होतं. चुकून दाबलेला मजला रद्द करता यावा म्हणून पेटलेलं बटण लागोपाठ दोनदा दाबलं की नोंद पुसली जाते, अशी सोय असते. घाईने दाबदाब करणारा माणूस अशा लिफ्टमध्ये स्वतःचाच मजला पुसून टाकतो आणि वर लिफ्टला शिव्या देतो.

न थांबता खाली गेली तेव्हा ती भरलेली असणार. वजन मोजणारी लिफ्ट जवळजवळ भरली की वाटेतल्या घंट्यांना थांबत नाही, उगाच दार उघडून तोंडं दाखवण्यात अर्थ नाही म्हणून. आपल्याकडच्या बहुतेक लिफ्टमध्ये एका माणसाचं वजन ६८ किलो धरलेलं असतं, म्हणून आठ माणसांच्या लिफ्टवर ५४४ किलो लिहिलेलं दिसतं. ज्याने हा आकडा ठरवला त्याने लग्नसराईतला नागपूरकर पाहिला नसावा.

पण भरलेली नसतानाही ती नेहमी उलट्या दिशेलाच का जाते, हा तुमचा राग खोटा नाही. जॉर्ज गॅमॉव्ह नावाच्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञालाही हेच कोडं पडलं होतं. सात मजली इमारत, याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, सहकारी मार्विन स्टर्न सहाव्यावर. गॅमॉव्हला वर जायचं असे तेव्हा पहिली लिफ्ट बहुतेक वेळा खाली निघालेली. स्टर्नला खाली जायचं तर ती वर निघालेली. कारण साधं आहे. सहाव्यावर उभं राहिलं की लिफ्टच्या विहिरीचा, म्हणजे ती वर-खाली फिरते त्या पोकळीचा, बहुतेक भाग आपल्या खाली असतो, म्हणून लिफ्ट बहुतेक वेळा खालीच कुठेतरी असते आणि येते ती वर जातानाच. दुसऱ्यावर याच्या उलट. वाचून तुमच्या लक्षात आलं असेलच. सहावा मजला तुमचा आणि दुसरा काकूंचा. दुसऱ्यावरून गच्चीत पापड घालायला निघालेल्या काकूंच्या तोंडावरून लिफ्ट अशीच खाली निघून जात असणार. त्यांनी ग्रुपवर लिहिलं नाही, एवढाच फरक.

दार बंद करायचं बटण. अमेरिकेत १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्यानंतर दार ठरावीक वेळ उघडं ठेवणं भाग पडलं, त्यामुळे तिकडच्या पुष्कळ लिफ्टमध्ये ते बटण प्रवाशाने दाबून काही होत नाही. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी चालतं, पण ते दाराची वाट पाहण्याची वेळ तोडतं एवढंच. दार जोरात मिटत नाही, आणि मध्ये कुणी सेन्सरला दिसलं तर मिटतच नाही. काकू येताना दिसत असतील तर ते दाबू नका. नाही तर दाबा खुशाल, मी पण दाबतो. एकदाच दाबतो असं बायकोसमोर म्हणतो.

बहिणीच्या ऑफिसातली लिफ्ट वेगळ्या जातीची. तिथे खालीच मजला सांगायचा, यंत्र सांगतं अमुक लिफ्टकडे जा. शिंडलर कंपनीने १९९२ मध्ये अशी पद्धत बाजारात आणली. एकाच भागात जाणारी माणसं एका लिफ्टमध्ये घातली की थांबे कमी होतात, आणि वेळ थांब्यांमध्येच जातो हे आपण वर पाहिलंच. पण त्यासाठी चार-सहा लिफ्ट शेजारी शेजारी हव्यात. तुमच्याकडे आहे एक. ते यंत्र बिचारं रोज सकाळी सांगेल, पहिल्या लिफ्टकडे जा.

मग पैसे कुठे घालायचे? लाइट कर्टन झालंच. दुसरं, प्रत्येक मजल्यावर लिफ्ट कुठे आहे आणि कोणीकडे चालली आहे ते दाखवणारा आकडा. पार्किंगमध्ये असेल, वरच्या मजल्यांवर बिल्डरने वाचवला असेल, असंच पाहिलंय मी सगळीकडे. थांबण्यापेक्षा किती थांबायचं ते न कळणं माणसाला जास्त खातं. सिग्नलवर उलटे आकडे दिसत असले की आपण जरा शांत उभे राहतो, पाच उरले की हॉर्न सुरू होतात तो भाग वेगळा. आकड्याशेजारी एक आरसा लावा. लिफ्टच्या धंद्यात जुनी गोष्ट सांगतात की एका इमारतीत लोक लिफ्ट उशिरा येते म्हणून भांडायचे, मालकाने लिफ्टला हात न लावता शेजारी आरसे लावले आणि तक्रारी थांबल्या. गोष्ट खरी की रचलेली माहीत नाही, पण आरशासमोर केस सारखे करणारी बाई किंवा भांग पाडणारा बुवा मी कधी बटण बडवताना पाहिला नाही. लिफ्टच्या आतला आरसा मात्र नटण्यासाठी नसतो, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला मागे न वळता बाहेर पडताना मागचं दिसावं म्हणून असतो.

तिसरं काम फुकट होऊ शकतं. रिकामी लिफ्ट कुठे जाऊन उभी राहावी हे कंट्रोलरमध्ये, म्हणजे लिफ्टच्या डोक्यात, ठरवता येतं. तुमची बहुधा पार्किंगमध्ये जाऊन उभी राहते. सकाळी साडेसात ते नऊ सगळ्यांना उतरायचंय, तेव्हा ती चौथ्यावर उभी असली तर? संध्याकाळी पुन्हा पार्किंगमध्ये. मेकॅनिकला विचारा, नव्या कंट्रोलरमध्ये हे होतं. सेक्रेटरी म्हणतील, रिकामी लिफ्ट वर पाठवली तर वीजबिल वाढेल. त्यांना सांगा, लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे समतोलाचं वजन असतं. ते भरतं केबिनच्या वजनाएवढं, अधिक लिफ्ट जास्तीत जास्त जेवढा भार नेते त्याच्या साधारण निम्मं. रिकामी केबिन त्याच्यापेक्षा हलकी, म्हणून ती आपसूक वर जायला बघते, मोटरला ओढावं लागत नाही, आवरावं लागतं. वीज लागते ती रिकामी खाली आणताना.

आणि बाप्पा, ते खर्र्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीचं, बघा! दाराखालच्या खाचेत खर्र्याच्या पन्न्या नि सुपारीचा चुरा अडकला की दार पूर्ण मिटत नाही, आणि दाराचं कुलूप लागल्याचं कळल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. दार उघडतंय, मिटतंय, उघडतंय. लोक म्हणतात लिफ्ट बिघडली. माझ्या नोकरीतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी दाराच्या होत्या आणि त्यातल्या कित्येक मी पेचकसाने पन्नी उचकटून सोडवल्या. वरून दाराला लाथ मारणारे असतातच. लाथेने दार खाचेतून सरकलं तर लिफ्ट दोन दिवस बंद, आणि सरकलेल्या दारामागे विहीर उघडी असते, हे लाथ मारणाऱ्याला आठवत नाही.

काकूंचं सांगायचं राहिलं. ग्रुपवर माफी मागू नका, तिथे सोळा अंगठे पुन्हा येतील. आधी दाराची वेळ बदलून घ्या, मग घरी जा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय की नुसताच त्रास आहे, तुम्ही पत्रात लिहिलं नाही, म्हणजे कदाचित विचारलंच नसेल. विचारा. दार आता पाच सेकंदांऐवजी सहा ठेवलंय असं सांगा, चालेल का म्हणा. त्या सात म्हणाल्या तर सात करा. सकाळी त्यांना कुठे जायचं असतं तेही विचारा. दवाखाना, देऊळ, भाजी, काही असेल. पावणेआठऐवजी सव्वाआठला जमेल का, हे तुम्ही दारात उभं राहून विचारलं तर त्या हो म्हणतील असं मला वाटतं. ग्रुपवर विचारलं असतं तर मीही नाही म्हटलं असतं. पिशवी विसरायची सवय असेल तर कामवालीला लिफ्टबाहेर पडून दार सोडायला सांगा, परत बोलवायला बटण आहेच. जाताना हळदीकुंकवाचं वाण घेऊन जा, राहिलं होतं म्हणा.

ता. क. तुमची मशीनरूम गच्चीवर आहे का? असेल तर एप्रिल लागायच्या आत तिच्या वर हिरवी नेट टाका आणि आतला एक्झॉस्ट पंखा चालतो का ते बघा. लिफ्टची इलेक्ट्रॉनिक्स साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, बाहेरच ४५ असतं, पत्र्याखाली किती होतं ते चढून पाहा. दुपारी दोनला लिफ्ट बंद पडते आणि संध्याकाळी आपोआप चालू होते, अशी तक्रार मे महिन्यात आली की मी आधी पंखाच बघायचो. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं एआरडी तुमच्याकडे असेल तर त्याच्या बॅटऱ्याही तेव्हाच तपासून घ्या, उन्हाने त्याच आधी जातात.